दुहेरी अभिरंजन

ऊतकाच्या एकाच कापावर, म्हणजे पातळ चकतीवर, दोन वेगळे प्रतिजन (प्रतिपिंडे ज्यांना चिकटतात ती प्रथिने) दोन वेगळ्या रंगांत दाखवण्याची पद्धत. ती प्रतिरक्षा-ऊतकरसायनात, म्हणजे प्रतिपिंडांच्या मदतीने ऊतकातली प्रथिने रंगवण्याच्या तंत्रात (प्रयोगशाळेच्या बोलीत ‘आयएचसी’त) वापरतात. लगतच्या दोन कापांवर एकेक प्रतिजन रंगवला, तरी दोन्ही प्रथिने एकाच पेशीत आहेत की शेजारच्या, हे खात्रीने सांगता येत नाही. काप ३-४ मायक्रॉन जाडीचा असतो, त्यामुळे पुढच्या कापात तीच पेशी येईलच असे नाही.

प्रोस्टेटच्या सुई-बायॉप्सीत या पद्धतीचे खरे मोल कळते. संशयास्पद ग्रंथी कधी चार-पाचच असतात आणि ऊतकाचा मेणातला ब्लॉक पुन्हा कापायला घेतला की त्याही निसटतात. निरोगी ग्रंथीला पेशींचे दोन थर असतात. नेहमीच्या कर्करोगात त्यांतला बाहेरचा, तळपेशींचा थर नाहीसा होतो. म्हणून तळपेशींतले पी६३ आणि जास्त रेणुभाराचे सायटोकेरॅटिन ही प्रथिने तपकिरी रंगवतात, तर कर्करोगात वाढणारे एएमएसीआर हे विकर (एन्झाइम) लाल. प्रतिपिंडे तीन, पण रंग दोनच. निरोगी ग्रंथीभोवती तपकिरी तळपेशींची माळ दिसते. कर्करोगाच्या ग्रंथीभोवती ती नसते, आणि आतल्या पेशींत लाल दाणे उमटतात. नुसत्या लाल रंगावर मात्र निदान करू नये. कर्करोगपूर्व बदलांतही तो दिसतो, पण तिथे तपकिरी माळ तुटक का होईना, शिल्लक असते.

१९४१ मध्ये अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चकाकणारे द्रव्य जोडले. पुढे रंग उमटवणारे विकर जोडलेली प्रतिपिंडे आली आणि १९६८ मध्ये पॉल नाकाने यांनी उंदराच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीत एकाच कापावर अनेक संप्रेरके वेगवेगळ्या रंगांत दाखवली. मेसन आणि सॅमन्स यांनी १९७८ मध्ये पेरॉक्सिडेज व अल्कलाइन फॉस्फेटेज या दोन विकरांची जोडी वापरली. आजही बहुतेक काम याच जोडीवर चालते.

प्रतिजनाला चिकटणारे ते प्राथमिक प्रतिपिंड आणि त्या प्रतिपिंडाला चिकटणारे ते दुय्यम. एक प्राथमिक प्रतिपिंड उंदराचे आणि दुसरे सशाचे असले की काम सोपे, कारण दुय्यम प्रतिपिंडांची गल्लत होत नाही. दोन्ही एकाच प्राण्याची असतील, तर पहिला रंग उमटल्यावर स्लाइड तापवून पहिली प्रतिपिंडे काढून टाकावी लागतात. डीएबी या तपकिरी रंग देणाऱ्या द्रव्याचा साका या उष्णतेतही टिकतो, म्हणून सहसा त्याचा क्रम आधी लावतात. पण तो फार गडद झाला, तर दुसऱ्या प्रतिपिंडाची वाट अडते आणि असलेला प्रतिजनही ‘नाही’ असा दिसतो. केंद्रके निळी दाखवणारे शेवटचे हिमॅटॉक्सिलिनही फिकेच ठेवावे. तपकिरी आणि लाल एकावर एक पडले की डोळ्यांना वेगळे करता येत नाहीत. त्यामुळे एक प्रतिजन केंद्रकातला आणि दुसरा पेशीद्रवातला असलेला बरा.

प्रत्येक प्रतिपिंडाची एकेरी स्लाइड आणि प्राथमिक प्रतिपिंड वगळलेली एक स्लाइड सोबत लावावीच. त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय दुहेरी स्लाइडवरचा रंग वाचू नये.