अजून किती चालायचं? पुढच्या पाटीपर्यंत

चार वर्षांच्या पोराला घेऊन जंगलात चालायला गेला असाल तर हे माहीत असेलच. पहिली दहा मिनिटं मजेत जातात, मग "पाय दुखतायत" सुरू होतं, मग "उचलून घे", आणि ते नाही जमलं की वाटेच्या मधोमध फतकल मारून बसणं. आणि तेच पोर घरी आल्या आल्या सोफ्यावरून तासभर उड्या मारतं. मग मघाचे दुखणारे पाय गेले कुठे?

मागच्या उन्हाळ्यात माझी आई साताऱ्याहून आमच्याकडे इंग्लंडला आली होती आणि मी, आई आणि माझी लेक अशा तिघी वेंडोव्हर वुड्सला गेलो. लंडनच्या वायव्येला चिल्टर्न टेकड्यांमधलं हे जंगल, बीच नावाची उंच झाडं, आणि आत लाकडात कोरलेला ग्रफेलो. इंग्लंडच्या बऱ्याच सरकारी जंगलांमध्ये फॉरेस्ट्री इंग्लंड या तिथल्या सरकारी वनसंस्थेने असे गोष्टींचे ट्रेल केलेत. वाटेवर थोड्या थोड्या अंतराने पाट्या, पाटीवर गोष्टीतला एखादा प्राणी किंवा काहीतरी शोधायला, ऐकायला, करायला सांगितलेलं, आणि काही जंगलांत अशी लाकडी शिल्पं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 'द ग्रफेलो' हे १९९९ सालचं ज्युलिया डोनाल्डसनचं पुस्तक, चित्रं अ‍ॅक्सेल शेफलरची. एक उंदीर जंगलातून चाललाय, वाटेत कोल्हा भेटतो, मग घुबड, मग साप, सगळ्यांना त्याला खायचंय, आणि तो प्रत्येकाला एका भयंकर प्राण्याची थाप मारून पळवून लावतो, आणि मग तो थापेतला प्राणीच खरोखर समोर येऊन उभा राहतो. परतताना तेच सगळे उलट्या क्रमाने भेटतात. लेकीने चालता चालता हे आजीला सांगितलं तर आई एकदम थांबली आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली भोपळ्यातली म्हातारी!"

आणि खरंच की. आपली म्हातारी लेकीकडे निघते, जंगलात कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, दोघांना ती "आधी लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा" म्हणून गंडवते, आणि येताना भोपळ्यात बसून त्यांच्यासमोरून निघून जाते. डोनाल्डसनबाईंनी मुळात एका जुन्या चिनी लोककथेवरून सुरुवात केली होती, त्यात कोल्हा वाघाला आपल्या मागून चालायला लावतो आणि म्हणतो बघ सगळे मला कसे घाबरतात. म्हणजे चीन, इंग्लंड, सातारा, सगळीकडे एक दुबळा जीव जंगलातून चालतोय आणि डोक्याने वाचतोय. या गोष्टींची रचनाच पायवाटेसारखी असते, चाला, कोणीतरी भेटेल, बोला, पुढे चला. म्हणून त्या जंगलात इतक्या सहज बसतात.

आता पायांचं बघू. २०१८ मध्ये ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांना सायकल मारायला लावून त्यांच्या स्नायूंची दमछाक मोजली, तर ती मुलं सरावलेल्या मोठ्या माणसांइतकीच, म्हणजे चक्क लांब पल्ल्याच्या खेळाडूंइतकी टिकून होती, आणि व्यायामानंतर नाडी आणि श्वास पूर्ववत व्हायला त्यांना वेळही कमीच लागला. चार वर्षांची मुलं त्यात नव्हती, शिवाय आखूड पायांमुळे त्यांना आपल्याबरोबर चालायला जास्त पावलं आणि जास्त ताकद लागते हे खरंच आहे. पण बऱ्याच वेळा पाय दमायच्या आधी मन कंटाळतं. दोन किलोमीटर म्हणजे काय हे त्या वयात समजत नाही. आपल्याला डोळ्यासमोर पार्किंग, कॅफे, नकाशा दिसत असतो, तिला फक्त झाड, मग झाड, मग आणखी एक झाड.

क्लार्क हल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की खाऊ जवळ आला की उंदीर जास्त जोरात पळतात. नंतर माणसांमध्येही हे दिसलं, शेवट जवळ आला की आपण जोर लावतो. पाट्यांचा ट्रेल नेमकं हेच करतो, एक लांबच लांब वाट मोडून तिचे दहाबारा छोटे शेवट करतो आणि प्रत्येक शेवट नजरेच्या टप्प्यात. आमची लेक एका पाटीपासून दुसरीपर्यंत अक्षरशः पळत होती, पाटीपाशी थांबून धापा टाकत आमची वाट बघायची आणि आई म्हणायची, "अगं थांब, माझ्या बुटात खडा गेलाय."

पण गोष्ट हे फक्त आमिष, खरं काम जंगल करतं असं माझं मत आहे. डोळ्यांचंच घ्या. घरात दिवे लावून फार तर ३००-५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड मिळतो, बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा हजारोंमध्ये असतो, झाडांच्या सावलीतही घरापेक्षा कितीतरी जास्त. चीनमध्ये ग्वांगझूच्या १२ शाळांत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं प्रयोग झाला, निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटं जादा मैदानावर, तर मायनस नंबर लागण्याचं प्रमाण त्या शाळांत ३०.४ टक्के आणि बाकीच्यांत ३९.५ टक्के निघालं. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामीन नावाचं रसायन तयार होतं आणि त्याने डोळ्याचा गोळा मागे लांबट होत जाणं मंदावतं, असं मानलं जातं.

मातीचं तर मला फारच आवडलं. फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली जमीन, गवत-झुडपांसकट, आणून टाकली आणि ३ ते ५ वर्षांची मुलं त्यात खेळू लागली, तर २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरचे जीवाणू जास्त विविध झाले आणि रक्तात प्रतिकारशक्तीला उगाच भडकू न देणाऱ्या घटकांचं पारडं जड झालं. छोटा अभ्यास आहे, ७५ मुलांचा, पण त्यानंतर मी लेकीच्या हातातली काठी बघून "शी, टाक ती" म्हणणं बंद केलं.

म्हणून मला काही ट्रेलवरचं मोबाईल अ‍ॅपचं फॅड पटत नाही. २०१७ मध्ये ग्रफेलोचं अ‍ॅप आलं होतं, फोन धरला की स्क्रीनवर तो प्राणी झाडांमध्ये उभा दिसायचा. पोरं खूश होतात, मान्य आहे, पण जंगलात येऊन पुन्हा एक हातभर अंतरावरच्या स्क्रीनकडेच बघायचं? चांगली पाटी मुलाला स्वतःकडे कमी आणि बाजूला जास्त बघायला लावते. साप कुठे लपेल, शोध. घुबडाला बसायला यातलं कुठलं झाड आवडेल?

अमेरिकेत हीच कल्पना फार साधेपणाने झाली. व्हर्मांट राज्यातल्या माँटपेलियरमध्ये २००७ साली अ‍ॅन फर्ग्युसन यांनी तिथल्या लायब्ररीबरोबर स्टोरीवॉक सुरू केला, चित्रांच्या पुस्तकाची पानं सुटी करायची आणि वाटेवर एकेक करून लावायची, बस. त्या आरोग्य खात्यात काम केलेल्या, मुलांच्या कार्यक्रमात आईबाप कडेला उभे राहतात हे त्यांना खटकत होतं. इथे पुढचं पान वाचायचं तर मोठ्यांनाही चालावंच लागतं. आता हे तिथल्या पन्नासही राज्यांत पोचलंय.

आम्ही दोन महिन्यांनी परत त्याच वाटेवर गेलो. कोणती पाटी कुठे होती हे मला आठवत नव्हतं, लेकीने मात्र एका वळणावर हात ओढला, "इथे आजीच्या बुटात खडा गेला होता." आपल्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आठवणीही सांभाळतो आणि जागाही. उंदरांमध्ये तिथे अशा पेशी सापडल्या की उंदीर ठरावीक जागी आला की ठरावीक पेशी पेटते, जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये दाखवलं, २०१४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. गोष्ट आणि वाट एकाच ठिकाणी राहत असतील तर एकीबरोबर दुसरी आठवणारच.

संध्याकाळी लेकीने व्हिडिओ कॉलवर आजीला खड्याची जागा सापडल्याचं सांगितलं. आईने तोपर्यंत साताऱ्याला स्वतःचा उद्योग सुरू केला होता. म्हातारीची गोष्ट नऊ पुठ्ठ्यांवर काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोसायटीच्या बागेत झाडांना सैल सुतळीने बांधलीय (खिळे अजिबात नाहीत, सालीखाली झाडाचा जिवंत थर असतो, तिथे जखम होते), तेही मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे आपल्या कमरेएवढं. वाघाचं पान बागेच्या कोपऱ्यात आंब्याच्या मागे आहे. तिथे सगळी पोरं एकमेकांना धरून थांबतात, आणि "चल रे भोपळ्या टुणूक टुणूक" असं जोरात ओरडल्याशिवाय कोणीही पुढे जात नाही.