उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे: एका शब्दाची पार्श्वभूमी

मोबाइलची उत्क्रांती, वनडे क्रिकेटची उत्क्रांती, नाट्यसंगीताची उत्क्रांती, असं आपण सर्रास लिहितो आणि त्यात आधीचं कच्चं नि नंतरचं पक्कं असं गृहीतच धरलेलं असतं. म्हणजे हळूहळू झालेला बदल, पण चांगल्याकडे जाणारा. रोजच्या बोलण्यात चालून जातं, पण जीवशास्त्रात हाच अर्थ डोक्यात ठेवला की सगळा घोळ होतो, आणि या घोळाला बराच जुना इतिहास आहे.

संस्कृतात उत् अधिक क्रम्, म्हणजे पाऊल टाकून बाहेर पडणं. जुन्या ग्रंथांत जीव शरीर सोडून जातो त्याला उत्क्रांती म्हटलंय. गीतेचा पंधरावा अध्याय ज्यांना पाठ आहे त्यांनी दहाव्या श्लोकात 'उत्क्रामन्तं स्थितं वापि' कितीदा तरी म्हटलं असेल, तिथे देह सोडून निघालेल्या जीवाचीच गोष्ट आहे. ब्रह्मसूत्रांतही 'उत्क्रान्तिगत्यागतीनाम्' असं सूत्रच आहे. पुढे इंग्रजीतल्या इव्होल्यूशनला हा शब्द लावला गेला आणि क्रांती-उत्क्रांती ही जोडी रिव्होल्यूशन-इव्होल्यूशनसारखी फिट्ट बसली, एक झटक्यात होणारी तर दुसरी सावकाश. पण उत्कर्ष, उन्नती, उत्थान हे शब्द कानात बसलेले असल्यामुळे उत् म्हणजे वर असंच आपल्याला ऐकू येतं, आणि माझ्या मते अडचण तिथेच आहे.

तिकडे इंग्रजीतही हेच झालेलं. तो शब्द लॅटिनमधून आला, गुंडाळी उलगडणं या अर्थाने, आणि अठराव्या शतकात गर्भाबद्दल वापरला जायचा, म्हणजे आत आधीपासून तयार असलेला छोटा जीव नुसता उलगडत जातो अशी कल्पना. डार्विनला नेमकं याच्या उलट म्हणायचं होतं, आधीपासून काही ठरलेलं नसतं. त्याच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या पुस्तकाच्या 1859 च्या पहिल्या आवृत्तीत इव्होल्यूशन हा शब्द नाहीच, फक्त शेवटचा शब्द 'इव्हॉल्व्ड' आहे. तो म्हणायचा 'बदलांसह वंशपरंपरा', म्हणजे पिढ्यानपिढ्या बदलत जाणं. शब्द गाजवला हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाने, आणि त्याच्या मांडणीत साध्याकडून गुंतागुंतीकडे जाणं हे मुख्य होतं, म्हणजे प्रगतीचा वास तिथूनच लागला. शेवटी 1871 च्या माणसावरच्या पुस्तकात आणि 'ओरिजिन'च्या 1872 च्या सहाव्या आवृत्तीत डार्विननेही तो शब्द घेतला, पण त्याच 1872 मध्ये एका पत्रात त्याने लिहिलंय की सजीवांत प्रगतीकडे जायची उपजत ओढ असते असं मला वाटत नाही.

पट्टकृमीचंच बघा ना, आतड्यात राहणारा तो लांब चपटा जंत. त्याला तोंड नाही, पचनसंस्था नाही, आयतं पचलेलं अन्न कातडीतूनच शोषून घेतो, आणि त्याचे पूर्वज मात्र पचनसंस्था असलेले होते. अवयव गेला, जीव साधा झाला, तरीही ती उत्क्रांतीच, कारण त्या जागी तसंच असणं फायद्याचं ठरलं. याला अधोगती म्हणायचं कारण नाही आणि प्रगती तर नाहीच.

हिंदीत जैव विकास म्हणतात, तिथे विकास शब्दातच चांगलं होणं आलं. बंगालीत विवर्तन म्हणतात, वळणं, पालटणं, मला तो सगळ्यांत बरा वाटतो कारण त्यात वर-खाली काही नाही. आपला उत्क्रांती आता बदलणार नाही, दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धडाच आहे 'आनुवंशिकता व उत्क्रांती' नावाचा, आणि बदलायची गरजही नाही. फक्त शिकवताना माकडापासून सरळ रांगेत उभा होत गेलेला माणूस दाखवतात ते चित्र आधी काढून टाकावं. चिंपांझी आपला पूर्वज नाही, दोघांचे पूर्वज एक होते आणि साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या, त्यानंतर तोही तितकाच काळ बदलत आलाय जितका आपण.