१०१ च्या आधी १००१ का येतो?

घोडबंदर रोडवरची एखादी बारा मजली बिल्डिंग घ्या, मजल्यावर चार फ्लॅट, आणि सोसायटीने मेंटेनन्सची बिलं फ्लॅट नंबरच्याच नावाने पीडीएफ करून एका फोल्डरमध्ये टाकलीयत, १०१ पासून १२०४ पर्यंत. विंडोजमध्ये माऊसने फोल्डर उघडलात तर सगळं ओळीत दिसतं. तोच फोल्डर लिनक्सच्या टर्मिनलवर (कमांड टाईप करायची खिडकी) एलएस, म्हणजे फाईलींची यादी दाखवणारी कमांड, मारून बघा, सगळ्यात वर दहावा मजला! मग पहिला, मग अकरावा, बारावा, आणि मग कुठे दुसऱ्याचा नंबर लागतो.

बिघडलेलं काही नाहीये. एलएससाठी १००१ ही संख्याच नाही, ती चार अक्षरं आहेत, आणि अक्षरांची तुलना डावीकडून एकेक करत होते. १००१ आणि १०१ मध्ये पहिला १ सारखा, पुढचं शून्य सारखं, तिसऱ्या जागी एकीकडे ० आणि दुसरीकडे १, शून्य लहान, संपला विषय, पुढे किती अक्षरं उरलीयत ते कोणी बघत पण नाही. विंडोजच्या फोल्डरमध्ये नीट दिसतं कारण एक्सपीपासून (२००१) सलग आकडे आले की त्यांची एक संख्या धरायची सोय त्यात घातलीय, पण त्याच विंडोजच्या काळ्या खिडकीत डिर कमांड मारलीत तर परत दहावा मजला वर.

लिनक्सवर एलएसला मायनस व्ही लावलं की आकडे संख्या म्हणून धरले जातात. तरी मला विचाराल तर फाईलचं नावच ०१०१ असं ठेवा, म्हणजे कुठल्याही मशीनवर कोणीही उघडलं तरी क्रम तोच. तारखांचं पण सेम. आपल्याकडे दिवस आधी लिहायची सवय, त्यामुळे ०५-०३-२०२४ ही फाईल ०६-०१-२०२३ च्या आधी येऊन बसते. वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहिलं तर अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम आपोआप जुळतो, आयएसओ ८६०१ हे १९८८ चं स्टँडर्ड तारीख अशीच लिहायला सांगतं.

बरं, बऱ्याच जणांना वाटतं की डिस्कवर फाईली आधीच क्रमाने लावून ठेवलेल्या असतात. लिनक्सवर तरी तसं नसतं. एलएस आधी सगळी नावं मेमरीत गोळा करतं, मग लावतं, मग दाखवतं, म्हणून लाखभर फाईलींच्या फोल्डरमध्ये ते थोडा वेळ गप्प बसू शकतं. तिथे एलएसला मायनस कॅपिटल यू लावा, लावालावी बंद, जशी नावं मिळतील तशी समोर.

वेळेप्रमाणे हवं असेल तर मायनस टी, ताजी फाईल वर. पण ऐरोलीच्या आयटी पार्कात सर्व्हर सांभाळणारा कोणीही बघा, त्याची बोटं एल-टी-आर असंच टाईप करतात. एल म्हणजे एका ओळीत एक फाईल तपशिलासकट, टी म्हणजे वेळ, आर म्हणजे उलटा क्रम, ताजी फाईल सगळ्यात खाली, आणि खाली म्हणजे जिथे नजर आधीच आहे तिथे, हजार ओळी वर निघून गेल्या तरी स्क्रोल करायची गरज नाही. एकच लक्षात ठेवा, ही वेळ फाईलमधला मजकूर शेवटचा कधी बदलला त्याची असते आणि लिनक्सवर साधी सीपी (कॉपीची कमांड) मारून कॉपी केलीत तर कॉपीला आत्ताची वेळ लागते, जुनी टिकवायची तर मायनस पी.

नावं मराठीत असतील तर अजून गंमत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक नंबर (कोड) देणाऱ्या यादीत, ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलाय, आणि आपल्या शब्दकोशांत तो ह नंतर येतो. त्यामुळे नुसत्या कोडच्या क्रमाने लावलं तर साळवींची फाईल सावंतांच्या आधी, आणि शाळेत शिकवलेल्या वर्णमालेने लावलं तर सावंत आधी. इंग्रजीची पण तीच गत, कॅपिटल ए चा कोड ६५ आणि स्मॉल ए चा ९७, म्हणजे कोडच्या हिशोबात कॅपिटल झेड सुद्धा स्मॉल ए च्या आधी. नेमका कुठला क्रम धरायचा हे मशीनच्या भाषेच्या सेटिंगवर ठरतं, आणि म्हणूनच एकच कमांड दोन सर्व्हरवर दोन वेगवेगळ्या याद्या देऊ शकते.

साईझसाठी एलएसला मायनस कॅपिटल एस आहे, पण डिस्क भरली म्हणून मोठं काय ते शोधायला गेलात तर तो फसवतो, कारण फोल्डरसमोर बहुतेक वेळा ४०९६ बाईट एवढंच दिसतं, आत पन्नास जीबीचे लग्नाचे व्हिडिओ का असेनात. तिथे डीयू कमांडला मायनस एच लावून प्रत्येक फोल्डरची बेरीज एमबी-जीबीत काढायची आणि ती सॉर्टकडे, म्हणजे ओळी क्रमाने लावणाऱ्या कमांडकडे, पाठवायची. फक्त सॉर्टला मायनस एन नको, मायनस एच द्या, नाहीतर त्याला ९०० एमबी हे २ जीबीपेक्षा मोठं वाटतं.