अलास्का मूलनिवासी महामंडळे

अमेरिकेच्या अलास्का राज्यातील इन्यूपियाट, युपिक, अथाबास्कन, त्लिंगित, हैडा इ. मूलनिवासी समाजांच्या मालकीच्या भागभांडवली कंपन्या. १८ डिसेंबर १९७१ रोजी संमत झालेल्या, मूलनिवासींचे जमिनीवरील दावे मिटवणाऱ्या ‘अलास्का मूलनिवासी दावे निवारण कायद्या’न्वये १२ प्रादेशिक व दोनशेहून अधिक ग्राममहामंडळे निर्माण झाली. अलास्काबाहेर राहणाऱ्यांसाठी पुढे तेरावे महामंडळ निघाले. त्याला पैसा मिळाला, जमीन मिळाली नाही. कायद्याने सु. ४.४ कोटी एकर जमीन व ९६.२५ कोटी डॉलर दिले. त्याबदल्यात उर्वरित भूमीवरील पारंपरिक हक्क, शिकार व मासेमारीच्या हक्कांसह, संपुष्टात आणले. १९६८ मध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील प्रूडो बे येथे तेल सापडल्यावर पाइपलाइनसाठी हे दावे मिटवण्याची निकड निर्माण झाली होती.

महामंडळाची कल्पना कोणाची, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार, जमातींचे स्वतंत्र अस्तित्व मोडून त्यांना मुख्य प्रवाहात विरघळवण्याच्या १९५०च्या दशकातील केंद्रीय धोरणाचीच ही पुढची पायरी होय. ‘राखीव क्षेत्रांची पद्धत’ व ‘प्रदीर्घ पालकत्व’ टाळण्याची भाषा कायद्याच्या उद्देशकलमातच असल्याने हे मत निराधार म्हणता येत नाही. तथापि १९६८च्या आरंभी, विली हेन्स्ली या तरुण इन्यूपियाट नेत्याच्या अध्यक्षतेखालील राज्य कृतिदलाने ४ कोटी एकर जमिनीची मागणी करताना गाव व प्रदेश पातळीवरील व्यापारी महामंडळांची शिफारस केली होती. सरकारी खात्याच्या पालकत्वाचा दीर्घ अनुभव घेतलेल्या समाजाला कंपनी हे जमीन स्वतःच्या ताब्यात ठेवण्याचे साधन वाटले असावे. आराखडा मूलनिवासींच्या चळवळीतून आला आणि त्याला कायद्याचे रूप देताना अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) आपली उद्दिष्टे त्यात गुंफली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कायद्याच्या दिवशी हयात असलेल्या, किमान चतुर्थांश मूलनिवासी वंशाच्या नोंदणीकृत व्यक्तीला १०० भाग (शेअर) मिळाले. भाग वारसाहक्काने जातात, पण विकता वा गहाण ठेवता येत नाहीत. ही बंदी १९९१ मध्ये उठणार होती. तसे झाले असते, तर भागांबरोबर जमीनही एका पिढीत परक्यांच्या हाती गेली असती. कॅनेडियन न्यायविद टॉमस बर्जर यांनी गावोगावी साक्षी घेऊन १९८५ मध्ये हा धोका मांडला व जमीन जमातींच्या शासनांकडे सोपवावी, असे सुचविले. ही सूचना मान्य झाली नाही. मात्र १९८८च्या दुरुस्तीने, भागधारक स्वतः ठरवीत नाहीत तोवर बंदी कायम ठेवली आणि १९७१ नंतर जन्मलेल्यांनाही भाग देण्याची मुभा दिली.

नफा वाटून घेण्याचे तत्त्व कायद्यातच आहे. लाकूड व भूगर्भसंपत्तीच्या उत्पन्नाचा ७० टक्के हिस्सा बाराही प्रादेशिक महामंडळांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो. परिणामी ज्या प्रदेशात ना तेल ना जंगल, त्यालाही वाटा मिळतो. खर्च कोणता वजा करावा, यावरचे वाद १९८२च्या समझोत्याने बव्हंशी मिटले.

पारंपरिक मूल्यांची कसोटी वायव्य अलास्कातील रेड डॉग जस्तखाणीत दिसते. जमीन ‘नाना’ (NANA) या प्रादेशिक महामंडळाची, खाण चालवणारी कंपनी बाहेरची. करारानुसार नोआटक व किव्हॅलिना या गावांतील शिकाऱ्यांची समिती खाणीवर देखरेख करते. कॅरिबूंचे (रानटी रेनडियरांचे) कळप रस्त्याजवळ आले की खनिज वाहणारे ट्रक थांबवले जातात. तरीही किव्हॅलिनातील काही रहिवाशांनी सांडपाण्यावरून खाणकंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. आग्नेय अलास्कातील सीअलास्का महामंडळ ‘हा आनी’ (आपली भूमी) व ‘वूच याख’ (समतोल) ही त्लिंगित मूल्ये आधारभूत मानते. अनेक दशके वृक्षतोडीवर चालल्यावर २०२१ मध्ये त्याने हा व्यवसाय सोडण्याचे जाहीर केले. ग्राममहामंडळांपैकी अनेक लहान असून काही परस्परांत विलीन झाली आहेत.

महामंडळांचा व त्यांच्या जमिनीचा कायदेशीर दर्जा संदिग्ध आहे. व्हेनेटी या गावाच्या खटल्यात (१९९८) सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालील जमिनीवर जमातींची प्रादेशिक सत्ता नाकारली. २०२१ मध्ये मात्र करोना साहाय्यनिधीसाठी महामंडळांना ‘जमात’ या संज्ञेत धरले.