ताप डोक्यात जात नाही

न्यूमोनिया झालेले आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले, घरच्यांना ओळखेनासे झाले, की आपण म्हणतो, 'ताप डोक्यात गेला'. डोळे पिवळे दिसले तर कुणीतरी काविळीची माळही आणून देतं. सेप्सिसमध्ये मात्र अंग थंड पडलेलं असतानाही रुग्ण बरळू शकतो. जंतुसंसर्गाला शरीराचा प्रतिसाद इतका बेताल होतो की स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात, तो सेप्सिस. २०१७ साली जगात सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू याच्याशी निगडित होते.

या बरळण्यात यकृताचा हात कसा, हे बघण्यासारखं आहे. आतड्यातले जीवाणू प्रथिनं फोडतात, त्यातून अमोनिया सुटतो. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं आणि तिथे या अमोनियाचा युरिया होतो. हे युरिया चक्र क्रेब्ज आणि हेन्सेलाइट या संशोधकांनी १९३२ साली उलगडलं. सेप्सिसमध्ये यकृत मंदावतं, पित्त तुंबतं, डोळे पिवळे करणारं बिलिरुबिन हे रंगद्रव्य रक्तात वाढतं. यकृत आधीच दारूने किंवा हिपॅटायटिसने खिळखिळं असेल, तर अमोनिया तसाच मेंदूपर्यंत पोचतो.

मेंदूत युरिया चक्र नाही. तिथल्या अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या ताराकृती पेशी अमोनिया ग्लुटामेट या अमिनो आम्लाला जोडून ग्लुटामिन बनवतात. विष निवळतं खरं, पण साठलेलं ग्लुटामिन परासरणाने पाणी ओढतं आणि पेशी फुगतात. त्यातच सायटोकाइन्समुळे, म्हणजे दाह पेटवणाऱ्या संदेशवाहक रेणूंमुळे, रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ढिला पडलेला असतो, मायक्रोग्लिया या मेंदूतल्या संरक्षक पेशी चवताळलेल्या असतात.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सिरोसिसच्या, म्हणजे यकृत कायमचं घट्ट आणि व्रणमय झालेल्या रुग्णांना अमिनो आम्लांचं द्रावण पाजून त्यांच्या रक्तातला अमोनिया मुद्दाम वाढवला. संसर्ग आणि दाह चालू असताना त्यांच्या मानसिक चाचण्या बिघडल्या. संसर्ग आणि दाह ओसरल्यावर अमोनिया पुन्हा वाढवला, तरी त्या बिघडल्या नाहीत. म्हणून नुसता अमोनियाचा रिपोर्ट पाहून निदान होत नाही. 'लिव्हर डिटॉक्स'च्या पुड्या विकणाऱ्यांना हे कोण सांगणार!

शुद्धीवर असलेल्या रुग्णाला डॉक्टर हात पुढे करून, मनगटं वर वळवून धरायला सांगतात. यकृतामुळे मेंदूवर परिणाम झाला असेल तर पंजे मधूनच गळून पडतात, पुन्हा सावरतात. मग लॅक्टुलोज हे जुलाबाचं गोड औषध देतात. त्याने मोठ्या आतड्यात आम्लता वाढते, अमोनियाचा अमोनियम होतो आणि तो शौचावाटे जातो. मूळ उपचार मात्र अँटिबायोटिक आणि संसर्गाचं मूळ काढणं हाच, आणि तोही तासांच्या हिशेबात. वाचलेल्यांपैकी काहींना पुढे अनेक महिने लक्ष लागत नाही, नावं आठवत नाहीत.