गहाण घराची जप्ती टाळण्याचे मार्ग (ग्रामीण विदर्भ)

घर गहाण ठेवून घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकले की वित्तसंस्था ते घर ताब्यात घेऊन विकू शकते. ही वेळ येऊ नये म्हणून कर्जदाराला काही मार्ग उपलब्ध असतात, परंतु त्यांपैकी बहुतेकांना मुदत असल्यामुळे उशीर होईल तसे ते एकेक करून बंद होत जातात.

विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती सोयाबीन, कापूस आणि तुरीचा पैसा साधारणपणे दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत येतो. गृहकर्जाचा हप्ता मात्र दरमहा भरावा लागतो. पेरणीच्या दिवसांत बियाणे आणि खतांवर पैसा गेला की हप्ते तुंबतात, आणि थकबाकी ९० दिवसांहून अधिक राहिली की बँक ते खाते अनुत्पादक (एनपीए, म्हणजे वसुली थांबलेले) ठरवते. म्हणूनच सर्वांत परिणामकारक उपाय त्याआधीचा आहे: शाखेकडे लेखी अर्ज करून हप्ते पिकाच्या आवकेनुसार सहामाही किंवा वार्षिक करून मागणे, अथवा मुदत वाढवून हप्ता कमी करून घेणे. अशी पुनर्रचना देणे न देणे बँकेच्या हातात असते, तरीही अर्जाची पोच पुढच्या प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडते. कर्जमाफीची वाट पाहत गप्प राहणे मात्र घातक ठरते, कारण २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना या दोन्ही शेतीकर्जासाठी होत्या. गृहकर्ज त्यांत बसत नव्हते.

खाते अनुत्पादक झाल्यावर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (तारण ताब्यात घेऊन कर्ज वसूल करण्याचा कायदा), न्यायालयात न जाता, ६० दिवसांची मागणी नोटीस देते. तिला लेखी आक्षेप घेतल्यास बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे बंधनकारक आहे. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांच्या आत ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. विदर्भासाठी ते नागपूरला आहे. शेतजमिनीचे तारण, १ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज आणि मुद्दल व व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी उरलेली बाकी यांना हा कायदा लागू होत नाही, आणि कर्ज बरेचसे फेडत आणलेल्या कुटुंबासाठी यांतील शेवटची तरतूद फार मोलाची आहे. लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी सगळी बाकी खर्चासह भरून घर सोडवता येते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यापुढे हा हक्क उरत नाही.

पूर्ण बाकी भरणे शक्य नसेल तर एकरकमी तडजोड करणे (बँकेशी ठरलेली रक्कम एकदम भरून खाते मिटवणे), किंवा स्वतः गिऱ्हाईक शोधून घर विकणे, हे लिलावापेक्षा बरे, कारण खेड्यातील घरावर बोली लावणारे थोडेच असतात. मागणी नोटीस आल्यानंतर अशा विक्रीला बँकेची लेखी संमती लागते. तडजोड लोकअदालतीतही होते. तेथे न्यायालयीन शुल्क लागत नाही आणि निवाडा अंतिम असतो. तालुका विधी सेवा समितीकडून महिलांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.

कर्ज कोणी दिले आहे यावर पुढचा रस्ता ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निर्णयानुसार सहकारी बँकांनाही सरफेसी कायदा वापरता येतो. पतसंस्था मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला (थकबाकी सक्तीने वसूल करण्याचा अधिकृत आदेश) मिळवते, त्यामुळे त्या सुनावणीला हजर राहून हिशेबावर आक्षेप नोंदवणे अत्यावश्यक आहे. विनातारण कर्जासाठी दिवाणी हुकूमनामा झाला असल्यास, दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० शेतकऱ्याचे आणि मजुराचे राहते घर जप्तीतून वगळते. घर स्वतः गहाण दिलेले असेल तेथे हे संरक्षण मिळत नाही.

सावकारी व्यवहारात अनेकदा गहाणखताऐवजी थेट खरेदीखत करून घेतले जाते आणि कर्ज फिटले तरी घर परत मिळत नाही. अशा वेळी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ खाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो; तो व्यवहार प्रत्यक्षात कर्जाचाच होता असे चौकशीत आढळल्यास खत अवैध ठरवून मालमत्ता मूळ मालकाला परत देण्याचा आदेश ते देऊ शकतात.