मुलांना घेऊन स्कीइंगला: गुलमर्ग, सोलंग की औली? आणि आम्ही पाऊल का मोजायला सांगतो

दिवाळीचा फराळ संपला की आमच्या ऑफिसचा फोन वाजायला लागतो. प्रश्न दोनच. पहिला, ‘मुलांसाठी गुलमर्ग बरं की मनाली?’ दुसरा फॉर्म हातात पडल्यावर, ‘पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये कशाला? बुटाचा नंबर लिहिलाय की!’ दोन्हींची उत्तरं देऊन देऊन घसा बसला, म्हणून हे पत्रक छापलं. बुकिंगच्या आधी एकदा वाचा. विमानाची तिकिटं काढायच्या आधी वाचलंत तर फारच उत्तम.

जागा बघताना पायथ्याशी उभे राहा

पालक हटकून विचारतात ते उंचीबद्दल. सगळ्यात उंच कुठलं, गोंडोला म्हणजे केबल कार कुठे आहे, सगळ्यात लांब उतार कुठला. पहिल्यांदाच स्की बांधणाऱ्या पाच ते दहा वर्षांच्या मुलाला यातलं काहीच लागत नाही. पहिले तीन दिवस त्याचं जग म्हणजे पन्नास-साठ मीटरचा एक हलका उतार. स्कीची पुढची टोकं जवळ आणून मागच्या बाजू फाकवायच्या, वेग कमी करायचा, पडायचं, उठायचं आणि पुन्हा चालत वर जायचं. एवढाच अभ्यासक्रम.

म्हणून आम्ही नवी जागा बघायला गेलो की उताराच्या तळाशी जाऊन उभे राहतो. उतार संपताना जमीन आपली आपण सपाट होते का? होत असेल तर ब्रेक न जमणारं मूलही तिथे पोचून थांबतं. खाली दगड, कुंपण किंवा रस्ता असेल तर फोटो कितीही सुंदर येवोत, ती जागा आमच्या यादीत नाही. मग बघतो, घोडेवाले आणि स्लेजवाले मधूनच आडवे जातात का. स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, कारण चार थर कपडे चढवलेल्या मुलाच्या बाबतीत ‘शू आली’ आणि ‘शू झाली’ यांत फारसं अंतर नसतं. हॉटेलवर चालत जाता येतं का. आणि लहान मापाचे स्की-बूट तिथे भाड्याने मिळतात का. या शेवटच्या मुद्द्यावर पुढे बरंच बोलायचं आहे.

गुलमर्ग

या सगळ्या कसोट्या लावल्या तर भारतात आमची पहिली पसंती गुलमर्गला. सुमारे २,६५० मीटरवरचं हे गाव म्हणजे एक पसरट बशी आहे. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात, त्याच भागात बर्फ पडल्यावर नवशिक्यांचे वर्ग भरतात. श्रीनगरहून अंतर साधारण ५० किलोमीटर, त्यातले शेवटचे १३ तंगमर्गपासून चढाचे. बर्फ पडला की तंगमर्गला गाडी बदलून चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. तिचं भाडं आमच्या दरात धरलेलं असतं. काही स्वस्त पॅकेजमध्ये ते धरलेलं नसतं आणि ही गोष्ट तंगमर्गला पोचल्यावर कळते. दर ताडून बघताना एवढं विचारून घ्या.

आता गोंडोला. पहिला टप्पा १९९८ पासून चालतो, तो कोंगडोरीपर्यंत नेतो. दुसरा २००५ मध्ये सुरू झाला, तो अफरवत शिखरावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत. वरचे उतार यंत्राने दाबून तयार केलेले नसतात, तिथे हिमस्खलनाचा धोका असतो आणि तिथे स्की करतात ते मुरलेले लोक. पुण्याहून निघालेल्या मुलाला दुसऱ्याच दिवशी चार हजार मीटरच्या जवळ नेलंत तर डोकेदुखी आणि उलट्या ठरलेल्या. तिकिटं ऑनलाइन असतात आणि पटकन संपतात. ‘गोंडोलाचं तिकीट नाही मिळालं, आता काय उपयोग?’ असं म्हणत दरवर्षी कोणीतरी रद्द करायला निघतं. तुमच्या मुलाच्या स्कीइंगचा गोंडोलाशी काही संबंध नाही. हवा स्वच्छ असेल तर शेवटच्या दिवशी पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन या.

गाडीतून उतरताच स्लेजवाले भोवती जमतात. त्यांचं वर्षाचं बरंचसं गणित या दोन-तीन महिन्यांवर असतं, तेव्हा वैतागू नका, नम्रपणे नाही म्हणा. स्लेजवर जरूर बसा, पण शिकवणी संपल्यावर. आधी बसलेलं मूल स्कीवर उभं राहायला तयार होत नाही, कारण स्लेजमध्ये कष्ट दुसऱ्याचे असतात.

आणखी दोन गोष्टी. दुसऱ्या राज्यातली प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. घरातल्या एका तरी मोठ्या माणसाकडे पोस्टपेड हवं. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला जे घडलं, त्यानंतर अनेक पालक काश्मीर म्हटलं की गप्प होतात. आम्ही त्यांची समजूत घालत नाही. मन धजत नसेल तर जाऊ नका. खालचे पर्याय आहेत.

सोलंग, औली आणि परदेश

सोलंग मनालीपासून १३ किलोमीटरवर आहे. मुक्काम मनालीत म्हणजे साधारण २,००० मीटरवर, त्यामुळे मुलांना झोप चांगली लागते. उतारही सौम्य आहे. अडचण गर्दीची. त्याच मैदानात घोडे, स्नो-स्कूटर आणि पॅराग्लायडिंग, आणि वाटेत वाहनांची रांग. दोन दिवस बर्फात खेळायचं आणि एक तास स्की करून बघायची, एवढंच हवं असेल तर सोलंग उत्तम. वाटेवरच्या दुकानांत मिळतात ते अंगरखे आणि गमबूट. गमबूट म्हणजे स्की-बूट नव्हेत. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून पलीकडे लाहौलमधल्या सिस्सूलाही लोक जातात, पण ते बर्फ बघायला.

औलीचे उतार आम्हाला फार आवडतात, आणि तरीही दहाच्या आतल्या मुलांना आम्ही तिकडे नेत नाही. हरिद्वारपासून जोशीमठ पावणेतीनशे किलोमीटर, सगळा घाट. उलटीच्या पिशव्या संपतात, प्रवास संपत नाही. त्यात जोशीमठ ते औली रोपवे २०२३ च्या जानेवारीत तिथली जमीन खचू लागली तेव्हा बंद झाला. बारा वर्षांपुढच्या मुलामुलींना गढवाल मंडळ विकास निगमचा सात दिवसांचा कोर्स करायचा असेल तर मात्र आनंदाने चौकशी करून देतो, आमचं कमिशन नसलं तरी.

परदेशी जायचंच असेल तर स्वित्झर्लंडच्या आधी अल्माटीचा विचार करा. कझाकस्तानात भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. शहरात राहून मेदेऊ या ठिकाणाहून साडेचार किलोमीटरच्या गोंडोलाने शिंबुलाक या स्की-केंद्राला जाता येतं, आणि तिथे नवशिक्यांसाठी सरकता पट्टा आहे. मुलाला चालत वर यावं लागत नाही. एका तासात गुलमर्गच्या दुप्पट फेऱ्या होतात.

कधी?

इथे आमचं आणि ग्राहकांचं थोडं वाजतं. सगळ्यांना नाताळ हवा, कारण शाळेला सुट्टी. काश्मीरमधली कडाक्याची थंडी, चिल्लई कलान, सुरू होते तीच २१ डिसेंबरला, आणि पुढे चाळीस दिवस चालते. नाताळात शिकण्याजोगा बर्फ असेलच असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचं मैदान जवळजवळ कोरडं होतं. २०२५ मध्ये फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही बर्फाअभावी मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. स्पर्धेची तारीख हलते तिथे आम्ही तुम्हाला शब्द कसला देणार? म्हणून नाताळाच्या गटात आम्ही स्कीइंग विकत नाही, फक्त सहल विकतो. २६ जानेवारीला जोडून किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात या. शाळा चार दिवस बुडते हे मान्य. बर्फच नसला तर शिकवणीचे आणि साहित्याचे पैसे पूर्ण परत देतो. विमान आणि हॉटेलचे आमच्या हातात नसतात. मे महिन्यातल्या ‘स्की टूर’ची चौकशी कृपया करू नका.

आता पाऊल

मागच्या हंगामात ‘पावलाची लांबी’ या रकान्यात आलेली काही उत्तरं: ‘२ नंबर’. ‘बाटाचा १२’. ‘वयाप्रमाणे’. ‘एक साइज मोठाच द्या’. एकाने नुसतं ‘हो’ लिहिलं होतं.

आपल्याकडे मुलांच्या बुटांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मग पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणजे ‘२ नंबर’ हा नुकत्या पाऊल टाकू लागलेल्या बाळाचाही असतो आणि तिसरीतल्या मुलाचाही. ‘१२’ पहिलीतल्या मुलीचा असू शकतो किंवा तिच्या धिप्पाड बाबांचा. स्की-बुटांना हा घोळच नसतो. त्यांचं माप म्हणजे पावलाची लांबी, सेंटिमीटरमध्ये. पाऊल २० सेंटिमीटर, तर बूट २०. बहुतेक बुटांत २० आणि २०.५ चं बाहेरचं कवच एकच असतं, त्यामुळे मिलिमीटरचा काथ्याकूट नको, पण एक सेंटिमीटर चुकलं तर गडबड होते.

सगळ्यात महाग पडणारी चूक वेगळीच आहे. आपण मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतो, बूट घेताना अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडतो. ती सवय घेऊन पालक स्की-बुटाचंही माप वाढवून सांगतात. बूट मोठा झाला की टाच आत वर-खाली होते. मूल पाय वळवतं, बूट वळतो उशिरा आणि स्की वळतच नाही. ते पडतं. पुन्हा पडतं. तासाभराने ‘मला नाही आवडत’ म्हणतं, आणि आईबाबा म्हणतात, आमच्या पोराला भीती वाटते. त्याला भीती नाही वाटत हो, त्याचा बूट ढिला आहे. हे आम्ही तोंडावर म्हणत नाही, म्हणून इथे लिहितो.

याच्या उलटही होतं. एका मुलाचं माप अगदी बरोबर आलं होतं, तरी पहिल्या सकाळी बूट चढेना. पाहिलं तर आत तीन मोजे. वरचा जोड आजीने खास या सहलीसाठी विणलेला, लोकरीचा, लाल-पिवळा. काढायला सांगताना जिवावर आलं. पण तीन मोज्यांनी बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गार पडतात. बुटात एकच लांब, पातळसर मोजा, सुती नको. थर्मलची विजारही बुटाच्या आत खोचायची नाही, बुटाच्या वरच राहू द्यायची. नाहीतर तिची घडी नडगीवर रुतते आणि संध्याकाळी लाल वळ दिसतो. आजीचे मोजे हॉटेलात, बुखारी म्हणजे शेगडीपुढे बसताना. तिथे त्यांच्यासारखं काही नाही.

वेळेचा हिशेब असा. शिकवणी सकाळी दहा ते एक. आम्ही बूट आदल्या संध्याकाळी मापाप्रमाणे बाजूला काढून ठेवतो, कारण लहान मापाचे जोड गावात मोजकेच असतात. एका मुलाचं माप चुकलं की सकाळी दुकानात पुन्हा शोधाशोध, पाऊण तास तरी. गटात पाचच मुलं घेतो, पण ती पाचही ताटकळतात. तीन दिवसांतली एक सकाळ अशी गेली की शेवटच्या दिवशी जो उतार जमायचा, तो जमत नाही. म्हणून माप आलं नसेल तर आम्ही बुकिंग पक्कं करत नाही. काहींना हा तोरा वाटतो. वाटू दे.

वजनही खरं लिहा. ‘जरा सुकलाय’ म्हणून दोन किलो वाढवू नका. स्कीचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी बघून लावतात. पडताना ते सुटायला हवं. जास्त घट्ट लागलं तर सुटत नाही आणि पाय पिरगळतो. हेल्मेट आमच्याकडून मिळतं आणि ते सक्तीचं आहे, आईबाबांनाही. पाच वर्षांखालच्या मुलांना शिकवणीत घेत नाही. त्यांनी बर्फाचा माणूस करावा.

माप घ्यायची रीत: संध्याकाळी घ्या, सकाळपेक्षा पाऊल थोडं फुगलेलं असतं. भिंतीला टेकवून जमिनीवर कागद ठेवा. मोजा न घालता टाच भिंतीला लावून मुलाला दोन्ही पायांवर सरळ उभं करा. सगळ्यात पुढे येणाऱ्या बोटापाशी खूण करा. ते अंगठाच असेल असं नाही. भिंतीपासून खुणेपर्यंत मोजा, दोन्ही पायांचं, आणि मोठं येईल ते लिहा. कागदावर पट्टी ठेवून फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलात तर आणखी बरं. सप्टेंबरात बुकिंग केलं असेल तर निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा मोजा आणि फरक पडला असेल तर रात्री उशिरा का होईना, कळवा. शिकवणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही जोड बदलून ठेवू शकतो, त्यानंतर दुकान बंद होतं.